थुंकी पाठवून जीन्स तपासायचं किट, बीसीओ१ (गाजरातल्या कॅरोटीनचं व्हिटॅमिन ए करणारा जीन) वालं पॅनेल – सोलापुरात मागवलं होतं, ५ पैकी २

आधी निकाल सांगून टाकतो, ज्यांना वेळ नाही त्यांनी इथूनच परत फिरावं. लॅबचं काम चांगलं, रिपोर्टमधलं सायन्स बऱ्यापैकी खरं, पण त्या सायन्सवरनं जो सल्ला काढलाय तो लै बेकार आणि सल्ल्याच्या शेवटी जी गोळी चिकटवतात ती तर घेऊच नका, निदान डॉक्टरला दाखवल्याशिवाय तर नाहीच. कंपनीचं नाव लिहीत नाही, असली किटं विकणारे आता ढिगानं झालेत आणि व्हिटॅमिन ए चं पान सगळ्यांचं थोड्याफार फरकानं तेच असतं, त्यामुळं तुम्ही कुठलंही घ्यायच्या विचारात असाल तरी हे वाचून घ्या.

मी घेतलं कशाला तर जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेपासनं रोज सकाळी गाजराचा ज्यूस चालू केला होता, मिक्सर नवीन आणला होता ना, आणि फेब्रुवारीत तळहात पिवळे दिसायला लागले. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशोबाला असतो मी, तिथं पोरं म्हणायला लागली काय बे, परत हळद लागली का तुला. घरी आईला वाटलं कावीळ, ती तर झाडपाल्याचं औषध देणाऱ्या बाईकडं न्यायला निघाली होती. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी खालची पापणी ओढून बघितलं, डोळ्याचा पांढरा भाग पांढराच होता, लघवीचा रंग विचारला, आणि म्हणाले कावीळ नाही, गाजर बंद करा उतरेल. कावीळ असती तर डोळे आधी पिवळे झाले असते, कॅरोटीन साठलं तर तळहात तळपाय पिवळे होतात पण डोळे होत नाहीत. उतरलं पण ते, दोन-अडीच महिने गेले. पण तोपर्यंत मी मोबाईलवर एवढं गाजर गाजर शोधून ठेवलं होतं की जाहिरात यायला लागली, "तुमचं शरीर गाजरातून व्हिटॅमिन ए बनवतं का?" आणि फॅमिली पॅकला सूट होती. मी, बायको आणि मामा असे तिघांचे घेतले.

किटबद्दल तक्रार नाही. छोटा डबा, आत प्लास्टिकची नळी, वरच्या झाकणात निळसर पाणी, रेघेपर्यंत थुंकायचं आणि झाकण दाबलं की पाणी खाली येऊन मिसळतं, त्यानं डीएनए टिकतो म्हणे. अर्धा तास आधी काही खायचं प्यायचं नाही. रेघेपर्यंत म्हणजे फेस धरून नाही, फेस खाली बसल्यावर जेवढं राहतं तेवढं, हे सूचनेत बारीक अक्षरात लिहिलंय ते ठळक लिहायला पायजे होतं. मामांना तर अर्धा तास तंबाखूशिवाय बसवणं हीच टेस्ट होती. कुरियरवाला जोडबसवण्णा चौकापर्यंत येऊन पत्ता सापडत नाही म्हणून परत गेला, मग मीच जाऊन देऊन आलो, त्यात किटवाल्यांचा दोष नाही. बाहेर बेचाळीस डिग्री चालू होतं, सॅम्पल खराब होईल अशी भीती होती पण तिन्ही सॅम्पल पास झाले. सांगितलेल्या मुदतीत रिपोर्ट आला. इथपर्यंत ४ स्टार.

आता मुख्य भाग. रिपोर्टमध्ये केस गळणे, कॉफी पचते का, व्यायामानं वजन उतरेल का असली पन्नासेक पानं आहेत, ती मी सोडून देतो, त्यातलं बरंच राशिभविष्यासारखं आहे. बीसीओ१ चं पान मात्र नीट वाचलं आणि वाचून अजून शोधलं, कारण विषय खरंच भारी आहे. गाजर, तांबडा माठ, शेवग्याचा पाला, भोपळा, आंबा ह्यात व्हिटॅमिन ए नसतंच मुळी. असतं ते बीटा कॅरोटीन. आपल्या लहान आतड्याच्या अस्तरात बीसीओ१ नावाचं एन्झाइम (रासायनिक काम उरकणारं प्रथिन) असतं, ते ह्या लांबलचक कॅरोटीनला बरोब्बर मधोमध तोडतं आणि एकाचे दोन सारखे तुकडे होतात, रेटिनालचे. रेटिनाल म्हणजेच व्हिटॅमिन ए चं एक रूप, पुढं त्याचं रेटिनॉल होतं, लिव्हरमध्ये साठतं, डोळ्यात जाऊन अंधारात दिसायला लागतं ते हेच. एन्झाइमच्या मध्यभागी लोखंडाचा एक अणू असतो, हिस्टिडिन नावाच्या चार अमिनो आम्लांनी धरून ठेवलेला, तो नसला तर तोडणं होतच नाही. जाहिरातीत हे "लेटेस्ट शोध" म्हणून लिहिलंय. लेटेस्ट कसलं, कॅरोटीनचं शरीरात ए होतं हे थॉमस मूर यांनी १९३० सालीच उंदरांवर दाखवलं होतं आणि एन्झाइमचं काम १९६५ मध्ये प्रयोगशाळेत पकडलं होतं. जीन मात्र २००० च्या आसपास सापडला, माणसात तो १६ व्या क्रोमोसोमवर आहे.

एक गंमत, आपल्याच जिल्ह्यातली. पंढरपुरी म्हशीचं दूध बघा, पांढरंशुभ्र, आणि गाईचं पिवळसर. दोघी तोच हिरवा चारा खातात. म्हैस चाऱ्यातलं कॅरोटीन जवळजवळ सगळं तोडून ए करून टाकते म्हणून दुधात रंग उरत नाही, गाय थोडं तसंच दुधात सोडते म्हणून गाईचं तूप पिवळं. मांजराला तर हे जमतच नाही, कॅरोटीनवर ते जगू शकत नाही, त्याला तयार ए मांसातनंच लागतं. म्हणजे प्राण्याप्राण्यात फरक आहे आणि माणसामाणसातही आहे, एवढं कंपनीचं म्हणणं खरं आहे.

माझ्या रिपोर्टमध्ये दोन जागा दाखवल्यात. एन्झाइम ५४७ अमिनो आम्लांची साखळी आहे, त्यात २६७ नंबरला आर्जिनिनच्या जागी सेरिन आणि ३७९ नंबरला अॅलनिनच्या जागी व्हॅलिन. माझ्यात दोन्ही बदल आहेत, एकेक प्रत (जीनच्या दोन प्रती असतात, त्यातली एक बदललेली). लाल रंगात मोठ्ठं लिहिलंय "पुअर कन्व्हर्टर, क्षमता ६९% कमी". बघूनच पोटात गोळा यायचा एखाद्याला, आम्ही शाकाहारी, लिंगायत घर, अंडंसुद्धा नाही, म्हणजे मग आम्ही आंधळे व्हायचे का काय.

तर हा ६९ चा आकडा कुठून आला ते बघा. इंग्लंडमध्ये न्यूकॅसल विद्यापीठाच्या लोकांनी २००९ साली छापलेला अभ्यास आहे. थोड्या बायकांना बीटा कॅरोटीनचा औषधासारखा मोठा डोस एकदाच दिला आणि नंतर रक्तातल्या चरबीच्या कणांमध्ये तयार झालेलं ए आणि न तुटलेलं कॅरोटीन ह्यांचं प्रमाण मोजलं. ज्यांच्यात दोन्ही बदल होते त्यांच्यात ते प्रमाण ६९% नी कमी, फक्त ३७९ वाला असेल तर ३२% नी कमी. अभ्यास चांगला आहे, मी त्याला नाव ठेवत नाही. पण एका डोसनंतर काही तासांत मोजलेलं, छोट्या गटाचं सरासरी प्रमाण उचलून सोलापुरातल्या एका पुरुषाच्या नावापुढं "तुमची क्षमता ६९% कमी" असं टक्क्यात छापायचं हे कुठल्या हिशोबात बसतं? मी हिशोबाचाच माणूस आहे, आमच्याकडं असं बॅलन्सशीट कुणी दिलं तर सीए दारातनं परत पाठवेल.

आणि दुसरं, हे बदल दुर्मिळ वगैरे काही नाहीत. त्याच अभ्यासात २६७ वाला बदल ४२% प्रतींमध्ये होता आणि ३७९ वाला २४% मध्ये. म्हणजे रस्त्यात दहा जण उभे केले तर त्यातले निम्म्याहून जास्त कुठला ना कुठला बदल घेऊनच फिरत असतील. अमेरिकेत २००१ साली ठरवलेला हिशोब असा आहे की खाण्यातल्या १२ मायक्रोग्रॅम बीटा कॅरोटीनचं १ मायक्रोग्रॅम ए धरायचं. हा १२ चा आकडा साध्या माणसांवर काढलाय, त्यांच्यात आमच्यासारखे मंद एन्झाइमवाले आधीच धरलेले असणार. कंपनी काय करते, १२ नी भागते आणि वरनं परत ६९% कापते. एकाच खर्चाची दोनदा नोंद झाली ही.

तरीपण धरून चालू की कापायचंच. १०० ग्रॅम गाजरात अमेरिकन तक्त्याप्रमाणं साधारण ८,३०० मायक्रोग्रॅम बीटा कॅरोटीन, भागिले १२ म्हणजे ६९०, त्यातनं ६९% गेलं तर २१५ च्या आसपास. आपल्या आयसीएमआरनं (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद) २०२० मध्ये रोजची शिफारस पुरुषाला १००० आणि बाईला ८४० मायक्रोग्रॅम सांगितलीय. म्हणजे सगळ्यात वाईट हिशोबातही एका गाजरातनं दिवसाचा पाचवा हिस्सा निघतो, आणि वर दूध, दही, तूप, ह्यात तयार रेटिनॉल असतं ज्याला हे एन्झाइम लागतच नाही. रिपोर्टमध्ये "भाज्यांमधून मिळणार नाही" असं सरळ लिहिलंय. मिळणार नाही आणि कमी मिळेल ह्यात फरक आहे की नाही?

एक गोष्ट मात्र पूर्ण पानात कुठंच नाही आणि ती खरी उपयोगाची होती. कॅरोटीन चरबीत विरघळतं, भाजीत तेल तूप नसेल तर आतड्यात फारच कमी शिरतं, मग एन्झाइम कितीही चांगलं असू दे. कच्च्या गाजरापेक्षा शिजवलेलं, कुटलेलं, तेलात परतलेलं बरं. मी सकाळी उपाशीपोटी नुसता ज्यूस ढोसत होतो, त्यापेक्षा बायको शेवग्याच्या पाल्याची भाजी शेंगाचं कूट घालून करते, कडक भाकरी आणि चटणीवर तेलाची धार, ते जास्त कामाचं. आमच्याकडं तर शेंगाच्या कुटाशिवाय कोरडी भाजी उतरतच नाही, हा सल्ला फुकटात देता आला असता त्यांना.

आता कौन्सेलिंग कॉल. पॅकेजमध्ये अर्धा तासाचा कॉल असतो. मॅडम गोड बोलल्या. मी विचारलं, ताई, फॉर्ममध्ये शुद्ध शाकाहारी लिहिलंय, मग आहारात बकऱ्याची लिव्हर आणि कॉड माशाचं तेल कसं काय आलं? म्हणाल्या, "सर ते सिस्टिम जनरेटेड असतं." बरं म्हटलं. मग लगेच, "सर तुम्ही आमची रेटिनॉलची कॅप्सूल चालू करा, रोज एक, तुमच्या एन्झाइमला बायपास करते." पॅकिंगवर बघितलं तर २५,००० युनिट. रोजचं!

इथं मला खरा राग आला आणि का ते सांगतो. हे एन्झाइम नुसतं कटर नाही, त्याला स्विच आहे. शरीरात ए पुरेसं झालं की त्यातनं रेटिनोइक आम्ल बनतं, ते आतड्यात आयएसएक्स नावाचं प्रथिन वाढवतं, आणि ते आयएसएक्स बीसीओ१ पण कमी करतं आणि कॅरोटीन आत घेणारं दारही अर्धं लावतं. म्हणून तर कितीही गाजरं खाल्ली तर माणूस पिवळा होतो पण व्हिटॅमिन ए चं विष होत नाही. मी दीड महिना ज्यूस पिऊन काही झालं नाही ते ह्याच्याच कृपेनं. आणि तयार रेटिनॉलची गोळी काय करते तर ह्या स्विचच्या पलीकडनं थेट आत जाते, थांबवायला कुणी नाही, लिव्हरमध्ये साठत राहते. मोठ्या माणसाला रोजची वरची मर्यादा ३,००० मायक्रोग्रॅम म्हणजे १०,००० युनिट आहे. हे अडीचपट देत होते, तेही कुणाच्या रक्तात किती आहे हे न बघता. "बायपास करते" हे त्यांनी फायदा म्हणून सांगितलं, तोच तर धोका आहे की ओ.

पुढं ऐका. बायकोच्या रिपोर्टमध्ये फक्त ३७९ चा बदल, "मीडियम कन्व्हर्टर". तिलाही तीच कॅप्सूल. तिनं फोन घेतला माझ्याकडनं आणि विचारलं, मॅडम, आमचं बाळाचं चाललंय, हे चालेल का? उत्तर आलं, "मॅम, व्हिटॅमिनच आहे, काही होत नाही." गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांमध्ये रोज १०,००० युनिटच्या वर तयार रेटिनॉल पोटात गेलं तर बाळात व्यंग येण्याचा धोका असतो, हे कुठल्याही स्त्रीरोगतज्ज्ञाला विचारा. आम्ही विचारलं, त्या बाईंनी बाटलीचा फोटो बघून मोबाईल परत दिला आणि म्हणाल्या उघडू पण नका. तिथंच ह्या सर्व्हिसचे दोन स्टार गेले माझ्याकडनं.

आणि मामा. मामांचा रिपोर्ट एकदम स्वच्छ, दोन्ही जागा नॉर्मल, हिरव्या रंगात "गुड कन्व्हर्टर". मला वाटलं चला एक तरी सुटला. नाही! गुड कन्व्हर्टरला बीटा कॅरोटीनची गोळी, २० मिलिग्रॅम, "तुमचं एन्झाइम ह्याचा पूर्ण फायदा घेईल". म्हणजे लाल आला तरी गोळी, हिरवा आला तरी गोळी, फक्त बाटलीचा रंग वेगळा. आता मामा दिवसाला बिडीचे दोन बंडल ओढतात, वर तंबाखू, आणि फॉर्ममध्ये योगा करता का, झोप किती, मूड कसा असतो हे सगळं विचारलंय पण तंबाखू बिडीचा रकानाच नाही. ज्या गावात घराघरात बायका बिड्या वळतात त्या गावात हे किट विकताय तुम्ही. फिनलंडमध्ये २९,००० च्या वर सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांवर मोठी ट्रायल झाली होती, १९९४ ला निकाल आला, रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर कमी व्हायच्या ऐवजी १८% जास्त निघाला. तोच डोस, २० मिलिग्रॅम! दोन वर्षांनी अमेरिकेतली दुसरी ट्रायल ह्याच कारणानं मधेच बंद केली, त्यात बीटा कॅरोटीनबरोबर २५,००० युनिट रेटिनॉल पण होतं. भाजीतल्या कॅरोटीनचं हे होत नाही, गोळीतल्या मोठ्या डोसचं होतं. मामांना सांगितलं तर म्हणाले, मग बिडी सोडू का गोळी? मी म्हटलं मामा दोन्ही सोडा. गोळी सोडली.

मी शेवटी आपल्या सात रस्त्याजवळच्या एका साध्या लॅबमध्ये रक्तातलं व्हिटॅमिन ए तपासलं. सॅम्पल मुंबईला जातं. पोरानं रक्त काढलं आणि लगेच नळी चांदीच्या कागदात गच्च गुंडाळली, मी विचारलं हे कशाला तर म्हणाला प्रकाश लागला की रिझल्ट कमी येतो. बरोबरच आहे, रेटिनॉल उजेडानं तुटतं. त्या पोराला माझे ५ स्टार. रिझल्ट नॉर्मल आला, "पुअर कन्व्हर्टर" असून. पण ह्या टेस्टचीही एक मर्यादा ध्यानात ठेवा, लिव्हर आपल्या साठ्यातनं रक्तातली पातळी सांभाळत असतं, साठा अगदी तळाला गेल्याशिवाय रक्तात कमी दिसत नाही, तेव्हा नॉर्मल म्हणजे कोठार भरलेलं आहेच असं नाही. तरीपण कमी आलं आणि अंगात ताप-संसर्ग नसेल तर ते बहुतेक खरं कमी असतं, जीनच्या लाल अक्षरापेक्षा हे कधीही बरं. अंधारात दिसायला त्रास, डोळ्यात कोरडेपणा, पांढऱ्या भागावर फेसासारखे डाग असं काही असेल तर किट मागवत बसू नका, सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडं जा. आणि लहान पोरांना नऊ महिन्यांपासनं पाच वर्षांपर्यंत जे व्हिटॅमिन ए चं सिरप सरकारी दवाखान्यात देतात ते चुकवू नका, त्याला कुठला जीन तपासावा लागत नाही.

मग किट घ्यावं का? ज्यांच्या घरात दूध, दही, तूप सगळं बंद आहे, म्हणजे व्हीगन लोक, त्यांना बीसीओ१ चं पान थोडं उपयोगाचं आहे, कारण त्यांचं सगळं ए ह्या एकाच एन्झाइमवर चालतं. रोज वाटीभर दही आणि भाकरीवर तूप खाणाऱ्यांनी पैसे वाचवावेत, त्यात नवी पेठेत दोन साड्या येतील. नुसतं कुतूहल असेल तर घ्या, मी पण कुतूहलानंच घेतलं आणि जे वाचायला मिळालं त्याची मजा आली, नाही म्हणत नाही.

घेतलंच तर दोन गोष्टी. ऑर्डर करताना "सप्लिमेंट सबस्क्रिप्शन" ची खूण आधीच टिक करून ठेवलेली असते, ती काढा, आमच्या दोन बाटल्या त्यामुळंच आल्या आणि परत पाठवायला दोन आठवडे मेलामेली झाली, पैसे आले पण कुरियरचे कापून. आणि रॉ डेटाची फाईल मागून घ्या, मागितल्याशिवाय देत नाहीत पण मागितली की देतात, त्यात जागांना आरएस (rs) नंबर असतात, आरएस १२९३४९२२ म्हणजे २६७ वाली जागा आणि आरएस ७५०१३३१ म्हणजे ३७९ वाली, दोन्ही शोधून स्वतः बघता येतात, रिपोर्टचे लाल हिरवे रंग बघायची गरज पडत नाही.